दुरुस्तीची सूचना आणि तिचा वाचक

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे गडकोट, लढाया, तह आणि थोरांची चरित्रे यांचीच अपेक्षा श्रोते बाळगतात. आणि सातारा-सांगलीच्या भूमीत ती अपेक्षा मुळीच अस्वाभाविक नाही. अजिंक्यतारा ज्यांच्या रोजच्या दृष्टीस पडतो आणि कृष्णेचा घाट ज्यांच्या दाराशी आहे, त्यांना इतिहास शोधीत दूर जावे लागत नाही. आज मात्र आम्ही ज्या विषयाचा इतिहास मांडणार आहोत तो डोळ्यांना दिसत नाही. सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकात एकाच वेळी नांदणारी अनेक आभासी यंत्रे, त्यांना नांदविणारी आज्ञावली, आणि त्या आज्ञावलीची वेळोवेळी करावी लागणारी दुरुस्ती, हा तो विषय होय.

विषय रुक्ष वाटेल हे आम्ही जाणून आहोत. परंतु त्याचा आपल्या संसाराशी असलेला संबंध फार जवळचा आहे. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर चढतो आणि त्याच्या नावे टनांचा आकडा पडतो; निवृत्त शिक्षक नागरी बँकेच्या खिडकीशी पासबुक भरून घेतो; हळदीच्या सौद्याचे पैसे पेढीच्या खात्यातून शेतकऱ्याच्या खात्यात जातात; रुग्णालयात रक्ततपासणीचा कागद हाती येतो. या साऱ्या नोंदी पूर्वी वहीत राहत, आता सर्व्हरमध्ये राहतात. वहीला कसर लागू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी काय काय केले ते आपण जाणतो. सर्व्हरला कसर लागू नये म्हणून काय करावे लागते, आणि ते कोणी करावयाचे, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या यंत्रांतील दोष सहसा कायमचे गुप्त राहत नाहीत. ते सापडतात, बनविणारा दुरुस्ती तयार करतो आणि तिची सूचना जगजाहीर होते. खरे नुकसान होते ते सूचना निघणे आणि दुरुस्ती होणे या दोहोंच्या मधल्या काळात. आणि तो काळ किती लांबावा हे यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवितात. गेल्या काही वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा त्याहून जुना इतिहास यातून वाट कशी काढावी तेही सुचवितो.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या पेठांत जुने चौसोपी वाडे होते. एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात पुढे पाच-सहा बिऱ्हाडे नांदू लागली. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. विहीर, जिना आणि छप्पर मात्र एकच. कोणी किती पाणी शेंदावे, कोणाची खोली कोठे संपते, हे पाहणारा एक कारभारी असे. सर्व्हरचेही तसेच आहे. एका यंत्राची शक्ती वाटून घेऊन त्यात दहा-वीस वेगवेगळी यंत्रे असल्याचा आभास निर्माण करता येतो. त्यातील प्रत्येकाला वाटते की सारा वाडा आपलाच. बँकेची खाती एका आभासी यंत्रात, पगारपत्रके दुसऱ्यात, टपाल तिसऱ्यात. या सर्वांना आपापल्या मर्यादेत ठेवणारी जी आज्ञावली, तिला हायपरव्हायझर म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. एका बिऱ्हाडात चोर शिरला तर एकाच घराचे जाते. परंतु कारभाऱ्याच्याच किल्ल्या चोराच्या हाती लागल्या तर सारा वाडा एका रात्रीत धुऊन निघतो. या कारभाऱ्याच्या दुरुस्तीला इतके महत्त्व का, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

ही युक्ती वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात सीपी-४० नावाची रचना तयार झाली आणि १९६७ मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. त्या काळी संगणक इतका महाग होता की एकाच माणसाने तो अडवून ठेवणे परवडत नसे. म्हणून एका यंत्राची अनेक यंत्रे भासवून ती अनेकांस वाटून द्यावी, हा त्यामागील हिशेब होता. १९७२ मध्ये त्याच कंपनीने व्हीएम-३७० ही प्रणाली जाहीर केली. पुढे लहान संगणक स्वस्त झाले, ज्याला त्याला आपले यंत्र मिळाले, आणि वाड्यात बिऱ्हाडे ठेवण्याची गरज काही काळ मागे पडली.

परंतु स्वस्ताईचेही एक ओझे असते. प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेता घेता कचेऱ्यांतून यंत्रांची गर्दी झाली. त्यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसत आणि वीज मात्र पुरी खात. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हीएमवेअर ही कंपनी निघाली व तिने साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या संगणकांवर तीच जुनी युक्ती आणली. तिची सर्व्हरसाठीची प्रणाली २००१ मध्ये बाजारात आली. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात झेन हा प्रकल्प उभा राहिला व २००३ मध्ये तो विद्वानांसमोर मांडला गेला. २००५ व २००६ या वर्षांत इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी आपल्या प्रोसेसरमध्येच या कामासाठी सोय केली. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. अशा रीतीने मोठ्या शहरांतील हे तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली.

आता दुरुस्ती का करावी लागते? आज्ञावली काही लोखंडासारखी झिजत नाही, मग तिला देखभाल कशाला, असा प्रश्न विचारी माणसाच्या मनात येतो. याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ग्रहगणित करणारे ज्योतिषी जुन्या ग्रंथांतील अंकांना बीजसंस्कार देत. ग्रंथ तोच, सूत्रे तीच. परंतु काळ लोटला म्हणजे गणिताने आलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडे, आणि ते काढून टाकण्यासाठी अंकांत दुरुस्ती करावी लागे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास, ग्रहलाघव रचले तेव्हा त्याने कोणत्याही एका जुन्या ग्रंथाला कवटाळले नाही. ज्या ग्रंथाचा जो ग्रह वेधाशी जुळला तो त्या ग्रंथातून घेतला. ग्रंथ झिजला नव्हता, ग्रंथाबाहेरचे जग पुढे गेले होते. आज्ञावलीचेही असेच आहे. ती लिहिली त्या दिवशी जे कोणास सुचले नव्हते ते पुढे सुचते, आणि कालची निर्दोष ओळ आज सदोष ठरते.

जानेवारी २०१८ मध्ये याचा मोठाच प्रत्यय आला. मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या नावांनी ओळखले जाणारे दोष त्या महिन्यात जाहीर झाले. हे दोष एखाद्या आज्ञावलीत नव्हते, तर प्रोसेसर पुढचे काम अटकळीने आधीच करून ठेवतो त्या पद्धतीतच होते. एका आभासी यंत्राने शेजारच्या यंत्राच्या मनातले वाचावे, अशी भीती त्यातून उत्पन्न झाली. म्हणजे वाड्यातील दोन बिऱ्हाडांमधील भिंतच पातळ निघाली. त्यावर प्रोसेसरच्या आतील सूक्ष्म आज्ञा, कारभारी आणि प्रत्येक बिऱ्हाड अशा तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. तिन्हींपैकी एक राहिली तरी काम अपुरे राही.

याखेरीज आणखी दोन प्रकारच्या वार्ता ठेवाव्या लागतात. एक मुदतीची. प्रत्येक आवृत्तीला बनविणारा काही वर्षे आधार देतो आणि एका जाहीर तारखेस तो काढून घेतो. व्हीएमवेअरच्या ६.५ व ६.७ या आवृत्त्यांचा सर्वसाधारण आधार १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला; ७ या आवृत्तीचा २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र दुसऱ्या दिवशीही चालूच असते, म्हणून हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसरी वार्ता अटींची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायमचा परवाना विकण्याची जुनी पद्धत बंद करून ठराविक मुदतीच्या वर्गणीची पद्धत आणली. मालक बदलला म्हणजे भाडेपट्ट्याच्या अटी बदलतात, हे वाड्यात राहिलेल्या माणसास सांगावयास नको. ज्या संस्थेत या वार्ता कोणी वाचीत नाही, तिला त्या पुढच्या वर्षीचे बिल हाती पडल्यावरच कळतात.

वार्ता आणि मार्गदर्शन यांचे मोल आपल्या मुलखाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासाची गाठ इथे पडते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधीचा पुष्कळ इतिहास तर एकत्रच आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर विकले जावयास बराच काळ लागला. नांगर चांगला असणे पुरेसे नव्हते. तो कसा धरावा, कोणता भाग केव्हा बदलावा, लोखंडाविषयीची भीती का निराधार आहे, हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारा कोणी तरी हवा होता.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे संपादन केले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्राच्या घरोघर गेले व त्याची वाङ्मयीन आणि सामाजिक कामगिरी सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा जन्म कारखान्याचे पत्र म्हणून झाला, ही गोष्ट आज विसरली जाते. माल करणारा आणि माल वापरणारा यांच्यात नियमित दळणवळण असावे, आणि ते मराठीत असावे, हा विचार त्या नावातच आहे. आज सर्व्हरच्या दुरुस्तीची प्रत्येक सूचना इंग्रजीत निघते, तीही अशा परिभाषेत की इंग्रजी चांगले येणारा मनुष्यही दुसऱ्या वाक्याशी थांबावा. ‘खबर’ निघते, पण कुंडलच्या माळावरील शेतकऱ्यापर्यंत ती पोचविणारा शंकरराव आज जागेवर नाही.

सूचना वाचली, पटली, तरी पुढचा प्रश्न उभा राहतो: चालू काम थांबवावयाचे कसे? बँक बंद ठेवता येत नाही, गळीत हंगामात वजनकाटा बंद ठेवता येत नाही. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावयाची, असे व्यवस्थापक म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच वावगे नसते. या प्रश्नाचे उत्तर सातारा जिल्ह्यातच, पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी पाहावयास मिळते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरण त्यापूर्वी तीनच वर्षे पुरे झाले होते. धरण टिकले, परंतु त्याच्या उंच भागांत तडे गेले. ते धरण पाडून नवे बांधणे शक्य नव्हते, आणि महाराष्ट्राची वीज त्यावर अवलंबून असल्याने ते रिकामे ठेवणेही शक्य नव्हते. मग तड्यांवर तातडीचा उपाय आधी झाला, आणि धरणाला मागून काँक्रीटचा आधार देण्याचे मोठे काम १९७३ पर्यंत पार पडले. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण २००६ मध्ये पूर्ण झाले. तातडीची दुरुस्ती वेगळी, कायमची वेगळी, आणि दोन्ही करावयाच्याच, हा शहाणपणा त्यात दिसतो. पुढे १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी भोक पाडून पाणी नव्या बोगद्यात घेण्याचा प्रयोग यशस्वी झाला. लेक टॅपिंग हा शब्द तेव्हापासून साताऱ्यातील शाळकरी मुलांसही ठाऊक झाला.

आभासी यंत्रांच्या जगात याला तोड असलेली युक्ती २००३ मध्ये प्रचारात आली. व्हीमोशन नावाच्या सोयीने चालू असलेले आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. यंत्राच्या स्मृतीची पाने एकेक करून दुसरीकडे उतरवून घेतात; उतरविताना जी पाने बदलली ती पुन्हा उतरवितात; अखेरीस उरलेल्या थोड्या पानांसाठी क्षणभर यंत्र थांबते आणि नव्या जागी चालू होते. खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला याचा पत्ताही लागत नाही. अशा रीतीने एक सर्व्हर मोकळा करावा, त्याच्या कारभाऱ्याची दुरुस्ती करावी, तो पुन्हा सुरू करून तपासावा, बिऱ्हाडे परत आणावी आणि मग दुसऱ्या सर्व्हरकडे वळावे, असा क्रम आहे. मात्र यासाठी निदान दोन सर्व्हर हवेत, आणि एकावर दोघांचा भार पेलण्याइतकी मोकळीक हवी. खर्च वाचावा म्हणून सारी बिऱ्हाडे एकाच वाड्यात कोंबणाऱ्या संस्थेला ही सोय मिळत नाही. काटकसर आणि कोतेपणा यांतील फरक इथे कळतो.

आता ज्या घटनेसाठी आम्ही हा विषय निवडला तिच्याकडे वळू. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या कारभाऱ्यात एक दोष सापडला होता. जाळ्यातील सेवांची माहिती देणारे एक उपांग त्यात असे, आणि त्याच्या वाटेने परक्यास आत शिरता येत असे. कंपनीने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांना दुरुस्ती लगेच करणे शक्य नव्हते त्यांनी ते उपांग नुसते बंद करावे, एवढा सोपा उपायही उपलब्ध होता. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे गेली. ३ फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास खंडणीखोरांनी त्याच वाटेने जगभर हल्ला केला. फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने त्याच दिवशी इशारा दिला. अमेरिकी सरकारी संस्थांच्या हिशेबाप्रमाणे जगातील ३,८०० हून अधिक सर्व्हर त्यात सापडले. आभासी यंत्रांच्या फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागण्यात आले.

या हल्ल्यात कोणतीही नवी विद्या नव्हती. दार कोठे उघडे आहे हे दोन वर्षे जाहीर होते, कडी फुकट मिळत होती, आणि ती न लावलेल्या घरांची यादी चोरांनी नुसती चालून तयार केली. याच्या सहा वर्षे आधी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाच्या साथीतही हेच घडले होते. विंडोजची ती दुरुस्ती मार्च महिन्यातच निघालेली होती. दोन महिने काय आणि दोन वर्षे काय, सूचना होती, वाचक नव्हता.

सांगलीकरांस ही गोष्ट पाण्याच्या भाषेत सांगता येईल. आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली राहिला. या आकड्यांचे सामर्थ्य असे की पावसाळ्यात ते साऱ्या गावाच्या तोंडी असतात. बाजारपेठेतील दुकानदार रात्री झोपताना पुलाचा आकडा विचारतो आणि त्यावरून माल माळ्यावर चढवावयाचा की नाही ते ठरवितो. आकडा खांबावर नुसता रंगविलेला असता आणि तो पाहणारा व सांगणारा कोणी नसता, तर त्याचा उपयोग शून्य झाला असता. सर्व्हरच्या सूचनांवरही अशीच पातळी लिहिलेली असते. दहापैकी किती धोका, याचा आकडा प्रत्येक दोषास दिलेला असतो. फेब्रुवारी २०२१ च्या त्या दोषास ८.८ हा आकडा होता. तो वाचून माल माळ्यावर चढविणारा दुकानदार मात्र हजारो ठिकाणी नव्हता.

तो का नव्हता याचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. तालुक्याच्या गावातील लहान बँकेत किंवा संस्थेत संगणक पाहणारा मनुष्य बहुधा एकच असतो. छपाईयंत्र अडले तर तोच, साहेबांचा पासवर्ड विसरला तर तोच, मार्चअखेरचे हिशेब निघत नसतील तर तोच. दुरुस्ती सुरळीत झाली तर कोणी त्याला शाबासकी देत नाही, कारण काही घडलेलेच दिसत नाही. बिघडली तर मात्र संचालक मंडळासमोर त्यालाच उभे राहावे लागते. अशा स्थितीत जे चालले आहे त्याला हात न लावणे हेच त्याला शहाणपणाचे वाटले, तर दोष त्याचा थोडा आणि व्यवस्थेचा फार.

आणि त्याची भीती निराधारही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा देणाऱ्या कंपनीनेच पाठविलेल्या एका सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे न केलेली दुरुस्ती घातक, तशी न तपासता केलेली दुरुस्तीही घातक. ‘लगेच करा’ किंवा ‘हात लावू नका’ अशा एका वाक्यात हा विषय संपत नाही. सूचना वाचणे, ती आपणांस लागू आहे की नाही ते पाहणे, एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर आधी करून पाहणे, मग तारीख ठरवून करणे, आणि बिघडल्यास मागे येण्याची वाट मोकळी ठेवणे, असा हा संसार आहे. त्यातही बारकावे आहेत. व्यवस्थापनाचे केंद्र आधी अद्ययावत करावे, मग सर्व्हर, मग आतील यंत्रे. क्रम उलटा झाला तर एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाही. दुरुस्तीपूर्वी यंत्राची स्नॅपशॉट नावाची तात्पुरती नोंद घेतात. पण ती ७२ तासांहून अधिक ठेवू नये, असे बनविणाराच सांगतो, कारण ती वाढत जाऊन जागा खाते व यंत्र मंदावते. आणि स्नॅपशॉट म्हणजे राखीव प्रत नव्हे. ती त्याच वाड्यात असते. वाडा गेला तर तीही जाते.

आपली नोंद आपल्या यंत्रात नसून दुसऱ्याकडे आहे, म्हणून आपण या काळजीतून सुटलो, असेही समजू नये. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर खंडणीहल्ला झाल्याच्या शक्यतेने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले, आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पैशाचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. देखभाल दुसऱ्यावर सोपविता येते. परंतु ती होते आहे की नाही हे विचारण्याची जबाबदारी सोपविता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेचे मूलभूत नियम घालून दिले. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत याची यादी ठेवणे आणि दुरुस्त्या वेळेवर करणे या गोष्टी त्यांत आहेत. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर कल्पून ज्याच्या त्याच्या व्यवहाराप्रमाणे अधिक नियम लागू केले. मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांची राष्ट्रीय छत्रसंस्था सुरू झाली, आणि लहान बँकांना तंत्रज्ञान पुरविणे हा तिचा एक उद्देश आहे. नियम झाले, संस्थाही झाली. परंतु पुलावरचा आकडा रात्री दुकानदारास सांगणारा मनुष्य गावातच असावा लागतो.

सातारा आणि सांगली हे सहकाराचे जिल्हे आहेत. एकट्याला परवडत नाही ते दहांनी मिळून करावयाचे, ही इथली रीत. उसाचा कारखाना एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून तो सर्वांनी मिळून काढला. तर मग सूचना वाचणारा जाणकार दहा संस्थांनी मिळून ठेवावयास हरकत कोणती? त्याने आठवड्यातून ठराविक दिवशी बनविणाऱ्यांच्या व शासनाच्या सूचना वाचाव्या, कोणत्या संस्थेस काय लागू आहे ते पाहावे आणि साध्या मराठीत एक पानाची खबर काढावी: धोका किती, करावयाचे काय, किती वेळ काम थांबेल, केव्हापर्यंत करावे. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेच आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते; कराडास १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना जुन्या यंत्रांवर दुरुस्त्या आधी करून पाहण्याचे काम देता येईल. विद्यार्थ्यांस खरे शिक्षण मिळेल आणि संस्थांना तालीम करावयास जागा मिळेल. सांगलीच्या संस्थेने आपली राखीव प्रत साताऱ्याकडे उंचावर ठेवावी, साताऱ्याच्या संस्थेने आपली सांगलीकडे पूररेषेबाहेर ठेवावी. एकाकडे पाण्याचे भय, दुसऱ्याकडे भूकंपाचे, आणि दोन्ही संकटे एकाच दिवशी येण्याचा संभव थोडा.

यात खर्च आहे हे खरे. परंतु सर्वसाधारण सभेत सभासद नव्या इमारतीचा खर्च विचारतात, मोटारीचा विचारतात, लाभांशाचा टक्का विचारतात. आपल्या सर्व्हरवरील आज्ञावली कोणत्या आवृत्तीची आहे, तिचा आधार कोणत्या तारखेस संपतो, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, राखीव प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहिले होते काय, आणि सूचना कोण वाचतो, हे पाच प्रश्न आम्ही तरी फारसे विचारले गेलेले ऐकले नाहीत. त्यांची उत्तरे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. तारीख आणि मनुष्याचे नाव मिळाले म्हणजे झाले. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

लक्ष्मणरावांच्या नांगराला शेतकऱ्याने प्रश्न विचारले म्हणूनच त्याला उत्तरे देणारे पुढे आले. पैसे आपले आहेत, नोंदी आपल्या आहेत. तेव्हा या नव्या यंत्रालाही प्रश्न विचारावयाचे ते सभासदांनीच. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर या पाच प्रश्नांना जागा मिळाली, तर या व्याख्यानाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.